आषाण्याचा धबधबा: भिवपुरी रोड स्टेशनपासून पाण्यापर्यंत, आणि सुखरूप परत

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर नेरळ सोडलं की पुढचं स्टेशन भिवपुरी रोड. कर्जतकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसतो आणि त्याच्या पायथ्याला आषाणे-कोषाणे ही गावं आहेत. गावामागच्या रानात पावसाळ्यात जो धबधबा कोसळतो, त्यालाच कुणी आषाण्याचा धबधबा म्हणतं, कुणी भिवपुरीचा. स्टेशनपासून रमतगमत अर्धा ते पाऊण तास चालायचं. मोठा चढ नाही, दोर लावावा असा कातळ नाही, वाटाड्याही लागत नाही. वाट इतकी सोपी असल्यामुळे तयारी करायची कुणाला सुचतच नाही आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने देत आहोत. सामानाची यादी चौथ्या टप्प्यात आहे, पण पहिले तीन टप्पे वगळून थेट तिथे जाऊ नका. जायचं की नाही हे त्या तिनातच ठरतं.

१. आधी बघा, जाऊ देतात का

कर्जत तालुक्यात पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर मनाईआदेश निघतात. आषाणे, पाली-भूतिवली धरण, सोलनपाडा ही नावं अशा आदेशांत येऊन गेली आहेत. आदेश काही दिवसांचा असतो किंवा सबंध मोसमाचा. मागच्या वर्षी लोक गेले होते, एवढ्यावर यंदा विसंबू नका. जुनी मंडळी अजून ‘१४४ लागलं’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे, त्यामुळे बातमी शोधताना दोन्ही आकडे टाकून बघा. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

शोधायचं असं: निघायच्या आदल्या दिवशी ‘कर्जत धबधबे बंदी’ असं मराठीतूनच टाका. स्थानिक बातम्या मराठीतच आधी येतात. खात्री होत नसेल तर कर्जत पोलीस ठाण्याला किंवा तहसील कार्यालयाला फोन करा. कुणाची तरी समाजमाध्यमावरची ‘आजच जाऊन आलो’ ही चित्रफीत पुरावा म्हणून धरू नका. ती कधीची आहे ते कळत नाही.

बंदी असेल तर बेत रद्द. ‘मागच्या वाटेने नेतो, शंभर रुपये द्या’ म्हणणारा कुणी भेटला तरी रद्दच. मागच्या वाटेवर घसरून पाय मोडला तर मदत मागायलाही अवघड होतं, कारण मुळात तुम्ही तिथे असायला नको होता.

२. महिना आणि वार

मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून. पण पहिल्या पावसात धबधबा सुरू होत नाही. तापलेली जमीन आधी पाणी पिते, मग झरे फुटतात. जूनच्या मध्यात गेलात तर गढूळ धार दिसेल आणि वर्षभराची धूळ भिजून दगडांवर साबणासारखा थर झालेला असेल.

जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा पाण्याच्या जोराचा असतो. बंदी आणि गर्दी दोन्ही याच काळात असतात. आमच्या मते नवख्यांसाठी खरा काळ ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरअखेर. पाणी निवळलेलं असतं, प्रवाह बेताचा असतो, बांधांवर तेरडा फुललेला असतो, आणि भात पोटरीत आल्यामुळे सगळं खोरं एकसारखं हिरवं दिसतं. गणपतीच्या दिवसांत तर मुंबईकर घरीच असतात.

वार मंगळवार ते गुरुवारातला असला तर उत्तम. रविवार टाळा. जुलैतल्या रविवारी अकरा वाजता जी गर्दी तिथे असते, त्यात धबधबा दिसायचाच राहून जातो. रविवारशिवाय जमतच नसेल तर सकाळी आठच्या आत स्टेशनवर उतरा आणि बाराच्या आत परतीला लागा.

३. हवामानाचे दोन आकडे

नुसतं ‘पाऊस आहे का’ बघून भागत नाही. दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, रायगड जिल्ह्याचा इशारा. हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे चार रंग देतो. जुलैत रायगडला पिवळा इशारा सारखाच असतो, त्याने बिचकायचं कारण नाही, सावध राहायचं. नारिंगी दिसला की घरी थांबा. विभागाच्या भाषेत ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘अति जोरदार’ म्हणजे ११५.६ ते २०४.४, आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. बातमीत ‘अति’ आणि ‘अत्यंत’ हे शब्द नीट वाचा.

दुसरी, माथेरानचा पाऊस. हा आकडा कुणी बघत नाही, आणि खरा उपयोग त्याचाच आहे. धबधब्यात येणारं पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगातून येत नाही, ते वरच्या पठारावरून आणि उतारावरून येतं. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे आणि खालची गावं जवळजवळ सपाटीवर. मधला उतार तीव्र, खाली काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. पावसाळा मुरला की ही माती आणखी पाणी घेत नाही, पडलेला प्रत्येक थेंब खाली धावतो. त्यामुळे खाली ऊन असताना वर तासभर कोसळलं तर ओढा काही मिनिटांत फुगतो. माथेरानला हवामान विभागाचं केंद्र आहे आणि सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस रोज जाहीर होतो. आमचा साधा ठोकताळा असा: आदल्या दिवशी तिथे १०० मिलिमीटरच्या वर पडला असेल तर दुसऱ्या दिवशी जायचं नाही, आकाश निरभ्र असलं तरी.

सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी ढग येतात. तेव्हा ‘दामिनी’ हे विजांचा इशारा देणारं ॲप फोनात घेऊन ठेवा. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं आहे.

४. सामान

आधी पायांचं. पुष्कळ अपघात बुटांमुळे होतात. चप्पल, सँडल, गुळगुळीत तळव्याचे धावायचे बूट आणि प्लास्टिकचे पावसाळी बूट हे चारही घरी ठेवा. मऊ रबराचा, खोल खाचांचा तळ हवा. सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या पायात ॲक्शनचे ट्रेकिंग बूट वर्षानुवर्षं दिसतात, ते यासाठीच: स्वस्त आणि ओल्या कातळावर धरणारे. तळ ओळखायची सोपी खूण म्हणजे नखाने दाबून बघा, थोडा दबला पाहिजे. कडक झालेला जुना तळ खाचा शाबूत असल्या तरी घसरतो.

कपडे: जीन्स नको. भिजली की ओझं होते आणि गुडघा वाकत नाही. ट्रॅक पँट आणि पटकन सुकणारा टी-शर्ट पुरे. छत्री वाऱ्यात निरुपयोगी आणि पायवाटेवर मागच्याच्या डोळ्यांना धोक्याची, म्हणून विंडचीटर घ्या. कपडे बदलायला तिथे आडोसा नाही. बायकांनी एक सैल मॅक्सी किंवा पायघोळ पोंचो जवळ ठेवावा, वरून घालून आतल्या आत बदलता येतं.

पाठीवरच्या एका पिशवीत माणशी एवढं:

- दीड लिटर पाणी (ओढ्याचं पिऊ नका, वर गुरं चरतात)
- कोरड्या कपड्यांचा जोड आणि पंचा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून
- फोनसाठी झिपची पिशवी
- ओळखपत्र, आणि कागदावर लिहिलेले दोन फोन नंबर व रक्तगट
- दहा, वीस, पन्नासच्या नोटा मिळून तीनशे रुपये
- चणे, शेंगदाणे, गूळ, दशम्या किंवा तत्सम न चेंगरणारं खाणं
- रोजची औषधं असतील तर त्या दिवसाची

सगळ्यांत मिळून एकदाच: क्रेप बँडेज, जंतुनाशक, चिकटपट्ट्या, एक शिट्टी, विजेरी, दहा-पंधरा मीटर दोरी आणि घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. कॅन बघून लोक हसतात. दोरी बांधून फेकला तर बुडणाऱ्याला धरायला त्याच्याइतकं बरं काही नाही, आणि वजन जवळजवळ शून्य.

काचेची बाटली आणि दारू नको. ब्लूटूथचा भोंगाही नको, कारण नुसत्या शिष्टाचारापलीकडचं आहे. ते आठव्या टप्प्यात कळेल.

५. गाडी

कर्जत किंवा खोपोली लोकल धरा. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ आणि मग भिवपुरी रोड. सीएसएमटीहून साधारण दोन तास, कल्याणहून पाऊण ते एक तास. बदलापूर लोकल चुकून पकडू नका, ती तिथेच संपते. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणाऱ्या गाडीने कर्जतला उतरून एक स्टेशन मुंबईकडे यावं.

परतीचं तिकीट सकाळीच काढा. दुपारी भिजलेल्या बोटांनी, मरतुकड्या नेटवर्कवर ॲप उघडत बसण्यापेक्षा ते बरं.

या मार्गावर गाड्यांमध्ये अर्ध्या ते एक तासाचं अंतर पडतं, त्यामुळे परतीच्या तीन गाड्यांच्या वेळा आधीच लिहून घ्या. रविवारी मेगाब्लॉक असतो, तो शुक्रवार-शनिवारी जाहीर होतो. ब्लॉक मुलुंड-माटुंग्यात असला तरी त्याचा फटका कर्जतपर्यंत बसतो.

जोरदार पावसात हा मार्गच बंद पडतो हे विसरू नका. उल्हास नदी रुळांच्या जवळून वाहते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. म्हणजे धबधब्यावर तुम्ही सुखरूप असाल, पण घरी पोचायचा रस्ता पाण्याखाली असेल.

६. उतरल्यावर: तीन चुकीच्या वाटा

स्टेशनबाहेर पडून माथेरानच्या डोंगराच्या दिशेने आषाणे गावाचा रस्ता धरा. विचारताना ‘आषाण्याचा धबधबा’ असंच विचारा. इथे लोक तीन प्रकारे चुकतात.

पहिली चूक नकाशाची. नुसतं ‘भिवपुरी’ टाकलं तर नकाशा कर्जतच्या पूर्वेला, टाटांच्या १९२२ सालच्या जलविद्युत केंद्राजवळ नेऊ शकतो. मूळ भिवपुरी तिकडे आहे. या स्टेशनाचं नाव भिवपुरी ‘रोड’ ते उगीच नाही. गाडी घेऊन येणारे यात हमखास फसतात आणि तास घालवतात.

दुसरी चूक गार्बेटची. याच स्टेशनवर सकाळी पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेले गट उतरतात. ते पाली-भूतिवली धरणाकडून गार्बेट पठारावर चढतात, ती काही तासांची खडी चढण आहे. ‘सगळे जातायत’ म्हणून त्यांच्या मागे लागू नका.

तिसरी चूक रुळांची. जवळचा रस्ता म्हणून लोक रुळांच्या कडेने चालतात. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिवाय पावसाच्या आवाजात आणि भिजलेल्या टोपीखाली मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. रस्त्याने दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

७. खाचरांमधून जाताना

गाव ओलांडलं की भातखाचरं लागतात, आणि पायवाट बऱ्याच ठिकाणी बांधावरूनच जाते. बांध म्हणजे फूटभर रुंदीचा मातीचा काठ. एका बाजूला वरच्या खाचरातलं पाणी, दुसऱ्या बाजूला हातभर खाली दुसरं खाचर. आत खेकड्यांनी बिळं पाडलेली असतात, वरून दिसत नाहीत. दोघे जोडीने चालले की बाहेरचा काठ ढासळतो, बीळ उघडं पडतं आणि त्यातून पाणी झिरपायला लागतं. संध्याकाळपर्यंत वरचं खाचर रिकामं. शेतकऱ्याला ते कळतं दुसऱ्या दिवशी. लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात असं झालं तर आवण, म्हणजे लावलेली रोपं, पिवळं पडतं. रविवारी पाचशे जोडी पाय त्या बांधावरून जातात, मग गाववाले पाहुण्यांना बघून कपाळाला आठ्या का घालतात ते समजायला अवघड नाही.

तेव्हा एकामागे एक चला, बांधाच्या मधोमध पाय टाका, आणि समोरून डोक्यावर भारा घेऊन बाई येत असेल तर रुंद जागेवर थांबून तिला आधी जाऊ द्या. राबाच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवलेल्या, चौकोनात फोटोसाठी उतरू नका. फाटक लावलेलं असेल तर पुन्हा लावून पुढे व्हा, नाहीतर गुरं भातात शिरतात. परतताना जेवण हवं असेल तर जातानाच गावात विचारा. चुलीवर भाकरी आणि पिठलं करून देणारी घरं असतात, पण आयत्या वेळी दहा माणसांचं मागितलं तर त्यांची तारांबळ होते.

पावसाळ्यात साप बांधावर आणि पायवाटेवर येतात, कारण बिळांत पाणी भरतं. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटा. दगडाच्या फटीत किंवा वाकलेल्या फांदीवर न बघता हात ठेवू नका, चापडा हा हिरवा विषारी साप हिरव्या पानांत बसलेला दिसतच नाही.

८. ओढा आणि त्याची भाषा

रानात शिरल्यावर पाण्याचा आवाज येतो आणि वाट ओढ्याच्या सोबतीने चालते. पाणी ओलांडावं लागेल तिथे आधी दोन मिनिटं थांबा.

एक पान किंवा काटकी प्रवाहात टाका. तुमच्या भरभर चालण्याच्या वेगापेक्षा ती पुढे पळाली तर ओलांडू नका. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. तळ दिसत नसेल तरीही नको. या तिन्हीतून पास झालात तर काठी घेऊन, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून, बाजूबाजूने पाय सरकवत जा. पाठपिशवीचे पट्टे सैल ठेवा, पडलात तर ती टाकता आली पाहिजे. सगळ्यात रुंद जागा निवडा. अरुंद जागा उडी मारून जाण्यासारखी वाटते, पण पाणी तिथेच सगळ्यात खोल आणि जोराचं असतं.

दगडांचंही एक शास्त्र आहे. काळा, तुळतुळीत, चकचकणारा दगड सगळ्यात वाईट, त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. हिरवं जाड शेवाळ निदान दिसतं तरी. खरखरीत, बारीक भोकांचा करडा दगड बूट धरतो. अखंड वाहत्या धारेखालचा दगड पुष्कळदा घासून खरखरीत राहिलेला असतो, घसरगुंडी असते ती काठावरच्या ओलसर पट्ट्यात, जिथे पाणी फक्त शिंतोड्यांचं. नवखा माणूस पाय भिजू नये म्हणून नेमका तिथे पाऊल टाकतो. त्यापेक्षा सरळ पाण्यात पाय घाला. बूट तसेही भिजणारच आहेत.

आता ओढा फुगण्याच्या खुणा. पाणी अचानक चहाच्या रंगाचं होतं. पालापाचोळा, काटक्या, फेसाचे गोळे वाहत यायला लागतात. आवाज जड होतो, खळखळ जाऊन घुमल्यासारखा येतो. आणि मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसायला लागतो. भोंगा लावलेला असेल तर यातली तिसरी खूण तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तो नको.

पोचल्याबरोबर काठावरचा एक दगड हेरून ठेवा, पाण्याच्या पातळीच्या बोटभर वरचा. दर दहा मिनिटांनी कुणीतरी एकाने त्याच्याकडे बघायचं. तो बुडाला की सामान आवरत बसू नका. ओढा तुमच्या आणि गावाच्या मध्ये असेल तर लगेच ओलांडा, आणि ओलांडण्यासारखा राहिला नसेल तर उंचावर जाऊन बसा. डोंगरी ओढा जसा चढतो तसाच उतरतो. दोन-तीन तास थांबायची तयारी ठेवा. अंधार पडेल म्हणून घाईने पाण्यात पाय घालण्यापेक्षा उंचावर भिजत बसलेलं पुष्कळ बरं.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं प्रवाहाच्या मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभी होती आणि पाण्याने त्यांना खेचून नेलं. पाच जणांचा जीव गेला. आले तेव्हा तो खडक उभं राहण्यासारखाच होता. म्हणून प्रवाहाच्या मधल्या खडकावर, कितीही मोठा असो, मुक्काम ठोकायचा नाही.

९. धबधब्याखाली

धार अंगावर घ्यायची तर थेट मधोमध उभं राहू नका. वरून पाण्याबरोबर दगड येतात, सुपारीएवढा दगडसुद्धा त्या उंचीवरून कवटी फोडतो. कडेच्या फुटलेल्या धारांखाली बसा. डोक्यावर टोपी असावी.

डोहात उडी मारायची नाही. तळाशी काय आहे ते दर पुराला बदलतं. मागच्या आठवड्यात खोल होतं तिथे आज धोंडा असू शकतो. पांढऱ्या फेसाच्या पाण्यात तर पट्टीचा पोहणाराही फसतो. त्यात हवा मिसळलेली असते, ते पाणी माणसाला तरंगवत नाही, आणि वरून पडणारी धार पुन्हा पुन्हा आत ओढते.

धबधब्याच्या माथ्यावर चढू नका. चढताना जमतं, उतरताना पाऊल कुठे टाकायचं ते दिसत नाही. दोर लावून धारेतून उतरणारे गट इथे येतात, त्यांच्याकडे शिरस्त्राण, दोर आणि शिकवलेली माणसं असतात. त्यांची नक्कल नको.

मुलं बरोबर असतील तर एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसाच्या हातात फोन नसावा.

१०. काही झालंच तर

कुणी पाण्यात पडला तर मागोमाग उडी घेऊ नका. कॅन बांधलेली दोरी फेका, नसेल तर ओढण्या किंवा पँटी एकमेकींना गाठी मारून. ओढताना आधी स्वतः खाली बसा, नाहीतर तुम्हीही आत जाल.

पाय मुरगळला तर बूट काढू नका, वरूनच क्रेप बँडेज घट्ट गुंडाळा आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकून त्याला गावापर्यंत आणा. डोक्याला किंवा मणक्याला मार असेल तर हलवू नका, एकाने गावात जाऊन माणसं आणावीत. गावातले लोक सगळ्यात आधी पोचतात.

साप चावला तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, चावलेला भाग फळी किंवा काठीला बांधून स्थिर ठेवा, चालायला लावू नका, आणि कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. साप मारून बरोबर आणायची गरज नाही.

फोन ११२ ला, रुग्णवाहिकेसाठी १०८. दरीत नेटवर्क नसलं तर मोकळ्या खाचरात येऊन लावा. म्हणून एक फोन दिवसभर बंद ठेवून भरलेला असू द्या.

११. परतीला

आपला कचरा आणि जमला तर बाजूचा थोडा उचला. मॅगीची रिकामी पाकिटं ओढ्यातून वाहत जाऊन खाचरात अडकतात.

कोरडे कपडे गावात आल्यावर बदला, धबधब्यावर नको; वाटेत पुन्हा भिजता. स्टेशनबाहेर ठाकर, कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसलेल्या दिसल्या तर कंटोळी किंवा कुर्डूची जुडी घ्या आणि कशी करायची तेही त्यांनाच विचारा. उरलेल्या सुट्या नोटा तिथे कामी येतात.

रविवारी दुपारी मुंबईकडची गाडी कर्जतहूनच भरून येते. म्हातारी माणसं किंवा मुलं बरोबर असतील तर भिवपुरी ते कर्जत असं जाऊन-येऊन तिकीट वेगळं काढा, एक स्टेशन मागे जा आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून या. कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा वडा आहेच.

घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत वास येत नाही. अंगावर, विशेषतः गुडघ्यामागे आणि कमरेला, गोचीड बघा. पायाला जखम असताना चिखलपाण्यात चाललेला असाल तर पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, की अमुक तारखेला खाचरातून चाललो होतो. लेप्टोची, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, तपासणी करायची की नाही ते त्यावरून ठरतं.